कंपाइलपूर्व कोड जनरेशन

सॉफ्टवेअरच्या बिल्डमध्ये, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना, कंपायलर (सोर्स कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) सुरू होण्याआधी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमकडून सोर्स फाइली तयार करून घेण्याची पायरी. हाताने लिहिलेल्या कोडबरोबर हा कोडही मग कंपाइल होतो. जनरेटरला पुरवला जाणारा कच्चा माल बहुधा लहान असतो: एखाद्या भाषेचे व्याकरण, संदेशाची रचना, डेटाबेसची स्कीमा, म्हणजे आराखडा. त्यातून निघणारा कोड लांबलचक आणि कंटाळवाणा. तो माणसाला लिहावा लागू नये म्हणून तर हा खटाटोप.

कोल्हापुरात हे समजवायला शिवाजी उद्यमनगरातली फाउंड्री पुरते. आधी पॅटर्न, मग साचा, मग ओतकाम. कास्टिंग आतून पोकळ हवे असेल तर वाळूचा कोअर बसवूनच साचा बंद करतात. रस ओतल्यावर कोअर आठवून काय उपयोग? आणि नगाचे माप चुकत असेल तर प्रत्येक नग कानशीने घासत बसत नाहीत, पॅटर्न दुरुस्त करतात. जनरेट झालेल्या फाइलला हात लावायचा नाही, हा नियम त्याच जातीचा. बदल मूळ स्कीमात करायचा. नाहीतर पुढच्या जनरेशनला तो पुसला जातो.

कोणती फाइल कशावरून बनते ते वाचून बिल्ड चालवणाऱ्या मेक या साधनाइतकीच ही पद्धत जुनी आहे. व्याकरणावरून पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा कोड) बनवणारे स्टीफन जॉन्सन यांचे यॅक, माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांचे, मजकुराचे शब्द पाडणारा कोड बनवणारे लेक्स आणि स्टुअर्ट फेल्डमन यांचे मेक (१९७६) ही तिन्ही बेल लॅब्समधली, १९७०च्या दशकातली. आज नेहमी भेटणारे उदाहरण म्हणजे संदेशाच्या रचनेवरून कोड काढणारे, गूगलने २००८ मध्ये खुले केलेले प्रोटोकॉल बफर्स, बोलण्यात प्रोटोबफ.

अडचण क्रमाची वाटते, पण खरी अडचण अवलंबित्वाची असते. समजा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी भट्टीचे तापमान नोंदवणारा सी++ प्रोग्रॅम आहे. संदेशाची रचना एका प्रोटो फाइलमध्ये. प्रोटोबफचा कंपायलर (इथला जनरेटर तोच) तिच्यातून एक हेडर, म्हणजे इतर फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल, आणि एक सोर्स फाइल काढतो, आणि मुख्य प्रोग्रॅम ते हेडर इन्क्लूड करतो. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या नियमांच्या फाइलीत, बनवायच्या गोष्टींच्या यादीत जनरेट होणाऱ्या फाइली आधी लिहिल्या आहेत, एका वेळी एकच काम चालते, म्हणून सगळे सुरळीत. मग कोणीतरी आठ कामे एकदम चालवायचा पर्याय देतो. हेडर अजून तयार व्हायचे असते तोवर मुख्य फाइल कंपायलरकडे पोहोचते आणि ‘हेडर सापडत नाही’ म्हणून बिल्ड पडतो. पुन्हा चालवला की पास, कारण एव्हाना हेडर डिस्कवर आलेले असते. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय की!’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते, आणि बोलणारा खोटे बोलत नसतो.

कंपायलर स्वतः हेडरची यादी काढून देऊ शकतो, पण ती पहिल्या कंपाइलनंतर. कोऱ्या बिल्डला तिचा आधार नाही. म्हणून जीएनयू मेकमध्ये (मेकचा मुक्त अवतार) जनरेट होणारी हेडरे अवलंबनांच्या यादीत उभ्या रेघेनंतर लिहितात: ‘हे आधी तयार हवे, पण हे नवे झाले एवढ्यावरून मला पुन्हा बनवू नको’ असा त्याचा अर्थ. एका आदेशातून दोन फाइली निघतात हेही मेकला सांगावे लागते, नाहीतर साध्या नियमात जनरेटर दोनदा, कधी एकाच वेळी, धावतो. त्यासाठीची गटबद्ध लक्ष्ये (लक्ष्य म्हणजे मेकने बनवायची फाइल) जीएनयू मेकच्या ४.३ आवृत्तीत, २०२० मध्ये आली; इतक्या जुन्या दुखण्याला औषध फारच उशिरा मिळाले म्हणायचे.

काय पुन्हा बनवायचे ते मेक फाइलीवरच्या शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ठरवते. या वेळेच्या शिक्क्याचे दोन त्रास आणखी. जनरेटर मध्येच कोसळला तर अर्धवट फाइल ताज्या शिक्क्यासह मागे राहते आणि मेक तिला पूर्ण समजते. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलतात. उलट, मजकूर तोच असताना फाइल पुन्हा लिहिली गेली की तिच्यावर विसंबलेले सगळे विनाकारण कंपाइल होते. चांगला जनरेटर जुना मजकूर ताडून पाहतो आणि फरक नसेल तर फाइलला शिवत नाही. निंजा या बिल्ड साधनात ‘रीस्टॅट’ लावले असेल तर अशा वेळी पुढची कामे गळतात.

जावाच्या मेव्हन या बिल्ड साधनात ‘जनरेट सोर्सेस’ हा टप्पा कंपाइलच्या आधी ठरलेलाच असतो, त्यामुळे वाद कमी. तरी नव्याने लागलेला पोरगा प्रोजेक्ट क्लोन करून एडिटर उघडतो, सगळीकडे लाल रेघा पाहतो आणि घाबरतो. एकदा बिल्ड चालवला की त्या जातात. रस्ट भाषेच्या कार्गो या बिल्ड साधनात हे काम बिल्ड स्क्रिप्ट करते, सी++साठी वापरल्या जाणाऱ्या सीमेकमध्ये ‘कस्टम कमांड’. तिथे आउटपुटची नावे स्पष्ट द्यावी लागतात. जावाचे अ‍ॅनोटेशन प्रोसेसर आणि सी शार्पचे सोर्स जनरेटर कंपायलरच्या पोटातच चालतात.

भट्टीजवळच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरच्या छोट्या बोर्डासाठी कोड बनवताना एक जास्तीचा पेच पडतो. प्रोग्रॅम बोर्डावर चालणार, पण जनरेटर चालायचा आहे बिल्ड करणाऱ्या संगणकावर. त्यामुळे जनरेटर घरचाच, म्हणजे आपणच लिहिलेला असेल तर एकाच बिल्डमध्ये दोन कंपायलर लागतात, आणि चुकून तो बोर्डासाठी कंपाइल झाला तर ‘ही फाइल चालवता येत नाही’ एवढेच उत्तर मिळते.

जनरेट झालेला कोड गिटमध्ये (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात) ठेवावा का, यावर एकमत नाही. ‘गो’ भाषेत २०१४च्या १.४ आवृत्तीपासून ‘गो जनरेट’ हा आदेश आहे, पण ‘गो बिल्ड’ तो आपणहून चालवत नाही. तिथे तयार कोड गिटमध्येच ठेवतात आणि ‘बदल करू नका’ अशी ठरावीक ओळ फाइलीत असते. वापरणाऱ्याला जनरेटर बसवावा लागत नाही, ही मोठी सोय. मात्र स्कीमा बदलून कोड नव्याने काढायचा राहून गेला तर दोन्हींची फारकत होते. म्हणून काही टीम सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर बिल्ड आपोआप तपासणाऱ्या यंत्रावर) जनरेटर पुन्हा चालवतात आणि गिटला एका अक्षराचा फरक दिसला तरी बिल्ड पाडतात.