मुलांचा कान, घसा आणि खोकला: औषध मागण्याआधी वजन, दिवस आणि श्वास मोजा

लहान मुलाचं औषध घ्यायला आमच्या मेडिकलमध्ये याल तेव्हा तीन आकडे घेऊन या: मुलाचं आजचं वजन, आजाराचा कितवा दिवस आहे, आणि मूल शांत असताना ते मिनिटाला किती श्वास घेतं. डोस वजनावरून ठरतो. थांबायचं की दवाखाना गाठायचा, हे दिवस आणि श्वास सांगतात. "मागच्या वेळी दिलेलं तेच लाल औषध द्या" यावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण गेल्या वेळेपासून मुलाचं वजन बदललेलं असतं आणि बहुतेक वेळा आजारही.

बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होते. प्रतिकारशक्ती कमी पडली असा त्याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी विषाणू नवा असतो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, नाक आठवडाभर वाहतं, खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होणं हा या क्रमाचाच भाग आहे. निव्वळ रंग बदलला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही, आणि विषाणूवर ते चालतही नाही.

आधी श्वास

मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगातले कपडे वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो, हिशेब चुकतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हतं, ओठ निळसर दिसतात, पिणं सुटतं किंवा मूल उठवूनही नीट जागं होत नाही, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला येऊन शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र आवाज येत असेल, तर तो स्वरयंत्राजवळच्या सुजेचा आहे. कफ सिरपने उतरत नाही, लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी कोणतंही औषध न देता थेट दाखवा.

ताप: बाटलीवरचा आकडा वाचा

पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. घोळ होतो तो बाटल्यांमुळे. हे औषध बहुधा तीन ताकदींत मिळतं: ड्रॉप्स, १ मिलीत १०० मिग्रॅ; साधं सिरप, ५ मिलीत १२० मिग्रॅ; आणि मोठ्या मुलांचं सिरप, ५ मिलीत २५० मिग्रॅ. १० किलोच्या मुलाला १५० मिग्रॅच्या आसपास द्यायचे, म्हणजे ड्रॉप्स १.५ मिली, किंवा साधं सिरप ६ मिली, किंवा २५०चं सिरप ३ मिली. सिरपचं माप लक्षात ठेवून तेच ६ मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून दिले तर मुलाच्या पोटात ६०० मिग्रॅ गेले, चौपट. घरातला चहाचा चमचा वापरू नका. कुठला ३ मिलीचा असतो, कुठला ७. बाटलीसोबतचा कप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या.

तापाच्या काही सिरपमध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्या आलटून पालटून देताना तेच औषध दुप्पट जात नाही ना, हे लेबलवर पाहा. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड दोन्ही नकोत, फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना देत नाहीत. निमेसुलाइड या तापाच्या औषधाला १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे, त्यामुळे जुनी बाटली कपाटात असेल तर फेकून द्या. अंग पुसायचंच तर कोमट पाण्याने. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडतं आणि आतली उष्णता वाढते.

खोकल्याचं औषध आम्ही का नाकारतो

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या कफ सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि अनेक मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि ५ वर्षांखाली ती साधारणपणे सुचवली जात नाहीत. भेसळ बाजूला ठेवली तरी या वयात या औषधांनी खोकला लवकर जात नाही. मूल गुंगतं, आणि गुंगलेलं मूल कफ बाहेर काढत नाही.

त्याऐवजी नाक मोकळं करा. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब (सलाइन) प्रत्येक नाकपुडीत २-३, अंगावर पाजण्याआधी किंवा जेवणाआधी १० ते १५ मिनिटं. नाक चोंदलेलं बाळ दूध सोडून देतं ते भूक नसते म्हणून नव्हे; चोखताना त्याला श्वास घेता येत नाही. नाक उघडणारे औषधी थेंब वेगळे, ते चिठ्ठीशिवाय नकोत. जास्त दिवस वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. १ वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध बिलकूल नाही, बोटाला लावून चाटवणंही नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळ लुळं पडू शकतं.

कापराची पुरचुंडी, छातीला कापूर घातलेलं तेल, धुरी, नाकात तेल-तूप, वाफेचं पातेलं: आजीच्या मायेबद्दल शंका नाही, पण हे पाचही टाळा. कापूर बाळाच्या पोटात गेला तर झटके येतात, त्वचेतूनही तो शोषला जातो. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. धुरीने श्वासनळ्या आणखी सुजतात. आणि वाफेच्या पातेल्याने मुलं भाजतात. केळं आणि दही मात्र बंद करू नका. त्यांनी सर्दी होत नाही, आणि आजारात मुलाने काहीतरी खाल्लेलं बरं.

कान

मुलांमध्ये नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, पडद्यामागे पाणी साचतं, त्यात जिवाणू वाढतात. म्हणून कानदुखी बहुधा सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रात्री, आडवं झाल्यावर सुरू होते. पहिला उपाय वेदनाशामक, म्हणजे वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि डोकं थोडं उंच. ६ महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टर बहुधा लगेच अँटिबायोटिक देतात. २ वर्षांवरच्या मुलाचं दुखणं सौम्य आणि ताप कमी असेल तर ४८ ते ७२ तास थांबून पाहतात. डॉक्टरांनी "दोन दिवस बघू" म्हटलं तर ते दुर्लक्ष नाही.

कान फुटून पाणी आलं की दुखणं एकदम थांबतं आणि घरात सगळे निश्चिंत होतात. तेव्हाच दाखवायला हवं, कारण पडद्याला भोक पडलेलं असतं. अशा कानात गरम तेल, लसणीचं तेल, आईचं दूध किंवा घरात उरलेले थेंब घालू नका. जेंटामायसिन-निओमायसिनसारखे थेंब भोकातून आत गेले तर ऐकण्याची नसच दुखावू शकते. स्वच्छ सुती कापडाची वात करून कानाच्या तोंडाशी धरा, भिजली की बदला, दिवसातून तीन वेळा. कानकाडी नको. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा लावून कान कोरडा ठेवा. १४ दिवसांनंतरही कान वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर त्याच दिवशी.

डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर बाटली दोन मिनिटं मुठीत धरा. गार थेंबांनी चक्कर येते. मूल कुशीवर, ३ वर्षांखाली कानाची पाळी मागे आणि खाली, ३ वर्षांवर मागे आणि वर ओढा. थेंब घालून ५ मिनिटं तसंच झोपवा.

घसा

घसा दुखतो, सोबत नाक वाहतं, खोकला आहे, आवाज बसला आहे: बहुधा विषाणू. एकदम चढलेला ताप, गिळताना जीव जाणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेतल्या गाठी दुखणं, आणि खोकला मात्र नाही, असं ५ ते १५ वर्षांच्या मुलात असेल तर स्ट्रेप्टोकोकसची शंका घेतात. इथे अँटिबायोटिकचा पूर्ण १० दिवसांचा कोर्स महत्त्वाचा, कारण या जिवाणूनंतर सांधेताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. दोन दिवसांत घसा बरा वाटतो आणि बाटली फ्रिजमध्ये राहते, तोच धोका. घशात राखाडी, चिकटलेला पडदा दिसत असेल तर घटसर्प असू शकतो. ओरबाडू नका, रुग्णालयात न्या. गुळण्या ६ वर्षांवरच्या मुलांनाच, पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ.

पावडरच्या बाटलीचं अँटिबायोटिक

पट्टीवर किंवा खोक्यावर लाल उभी रेघ असेल तर चिठ्ठी लागते. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टर आणि रुग्णाचं नाव आम्हाला रजिस्टरला लिहावं लागतं. फोटो दाखवून "तीन दिवसांचं अ‍ॅझी (अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक) द्या" म्हटल्यावर आम्ही नाही म्हणतो ते यामुळे.

बाटली बंद असतानाच आपटून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं किंवा खोक्यातलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून हलवा, मग फेस बसू द्या आणि खुणेपर्यंत भरा. फेस असतानाच खूण गाठली तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस जास्त तीव्र होतो. गरम पाण्याने औषध खराब होतं. तयार केल्याची तारीख पेनने लेबलवर लिहा. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात, आणि ७ दिवसांनंतर उरलेलं फेकायचं. प्रत्येक वेळी हलवून द्या, नाहीतर सुरुवातीला पाणी आणि शेवटी सगळं औषध जातं. दुधाच्या बाटलीत मिसळू नका. दूध उरलं की डोस उरला.

एक साधा हिशेब: ३० मिलीची बाटली, ५ मिली, दिवसातून दोनदा, म्हणजे ३ दिवस. ७ दिवसांच्या कोर्सला ७० मिली, तीन बाटल्या. आम्ही पुढच्या बाटल्या कोरड्याच देतो. आधीची बाटली संपल्यावरच पुढच्या बाटलीत पाणी घाला. नावापुढे "डीएस" म्हणजे दुप्पट ताकद, आधीची साधी असेल तर तेवढेच मिली देऊ नका. पुरळ, चेहऱ्यावर सूज किंवा धाप लागली तर थांबवून डॉक्टरांना फोन करा. जुलाब मात्र बऱ्याच मुलांना होतात. ओआरएस द्या, कोर्स स्वतःहून तोडू नका.

टाळता येण्यासारखं

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध. बाटली द्यावीच लागली तर आडवं पाजू नका, दूध त्या आडव्या नळीतून कानाकडे जातं. घरात विडी-सिगारेट, चुलीचा धूर, मच्छरची कॉइल, अगरबत्ती, यांतलं जेवढं कमी करता येईल तेवढं बाळाच्या खोलीतून आधी. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवरची लस (पीसीव्ही) ६ आणि १४ आठवड्यांना व ९ महिन्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) आणि गोवर-रुबेलाही. फ्लूची लस ६ महिन्यांनंतर दरवर्षी विकत घ्यावी लागते. लहान मुलाला पहिल्या वर्षी ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, त्यामुळे नवा साठा येताच एप्रिल-मेमध्ये पहिला घेतला तर जूनमध्ये पाऊस आणि शाळा सुरू होताना दुसराही झालेला असतो.