शहरी रेल्वे नकाशा : आखणी आणि सुटसुटीतपणा

शहरातल्या मेट्रोचं किंवा लोकलचं जाळं प्रवाशाला झटकन कळावं म्हणून काढलेला आराखडा. स्टेशनात, डब्याच्या दारावर, घडीपत्रकावर आणि आता फोनवर तो सगळ्यांनीच पाहिलेला असतो, त्यामुळे तो वाचायचा कसा हे इथे सांगत बसत नाही. तो सुधारायचा म्हणजे काय करायचं आणि ही पद्धत आली कुठून, एवढंच बघू. प्रवाशाचे मुख्य प्रश्न दोनच असतात, गाडी कुठली पकडायची आणि बदलायची कुठे. उतरल्यावर आपण शहरात नेमके कुठे असू हा तिसरा प्रश्न, आणि आखणीवरून झालेले बहुतेक वाद या तिसऱ्याला किती जागा द्यायची यावरच अडलेले दिसतात.

उगम : सर्वसाधारण समजूत अशी की लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या हॅरी बेक (1902–1974) या ड्राफ्ट्समननं 1931 मध्ये ही पद्धत शोधून काढली. हे अर्धंच खरं धरावं. 1908 च्या सुमाराला लंडनमधल्या वेगवेगळ्या कंपन्यांचा मिळून जो नकाशा निघाला त्यात प्रत्येक लाइनला वेगळा रंग होताच, म्हणजे रंगाची कल्पना बेकची नाही. 1920 च्या दशकात फ्रेड स्टिंगमोरनं खिशातल्या कार्डासाठी नकाशे केले, त्यात मध्यभाग थोडा फुगवून बाहेरची अंतरं आवळलेली दिसतात, म्हणजे प्रमाण मोडायला सुरुवातही आधीच झाली होती. जॉर्ज डाउ यानं 1929 च्या आसपास लंडनच्या उपनगरी रेल्वेसाठी सरळ रेषांचे तक्ते केले, आणि बर्लिनच्या एस-बान या उपनगरी रेल्वेचा 45 अंशांच्या तिरप्या रेषांचा आराखडाही 1931 चाच मानला जातो. बेकनं यातलं काय पाहिलं होतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यानं कोणाची नक्कल केली म्हणावं असा ठोस पुरावा पुढे आलेला नाही, पण कल्पना त्या काळात हवेत होती, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी सुचली असं मानणंच जास्त पटतं. बेकचं श्रेय हे की सगळी तत्त्वं त्यानं एकाच कागदावर न कचरता लावली : रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि 45 अंशांत, मधल्या गर्दीच्या भागाला मोकळी जागा, साध्या स्टेशनाला ठिपक्याऐवजी बारीकशी खूण, गाडी बदलायच्या स्टेशनाला चौकट (वर्तुळ नंतर आलं), आणि जमिनीवरची एकच गोष्ट शिल्लक, टेम्स नदी.

विजेच्या सर्किटच्या आकृतीवरून त्याला हे सुचलं ही गोष्ट पुस्तकापुस्तकांत सापडते. तो सिग्नल इंजिनिअरच्या ऑफिसात कामाला होता त्यामुळे ती खरी वाटते, आणि 1933 मध्ये स्टाफच्या मासिकात त्यानं स्वतःच आपला नकाशा सर्किट म्हणून चेष्टेत काढला होता. पण ही चेष्टा नंतरची आहे, ती उगमाचा पुरावा म्हणून लावणं जरा घाईचं. मूळ नकाशा पहिल्यांदा दाखवला तेव्हा अधिकाऱ्यांनी तो फारच क्रांतिकारी म्हणून परत पाठवला, 1932 मध्ये थोड्या प्रती काढून लोकांचा अंदाज घेतला आणि जानेवारी 1933 मध्ये खिशातली आवृत्ती लाखोंच्या संख्येनं छापली. मोबदला पाच की दहा गिनी (जुनं ब्रिटिश चलन) यावरही दोन मतं आहेत. त्यानं पॅरिस मेट्रोसाठीही असा आराखडा करून पाहिला होता, पण तिथे तो घेतला गेला नाही.

बिघडलेली सुधारणा : चांगला नकाशा बिघडवणं किती सोपं असतं हे 1960 मध्ये दिसलं. बेकच्या जागी हॅरल्ड हचिसन याचा आराखडा आला, वळणांची गोलाई जाऊन टोकदार कोपरे आले, आणि शहराच्या मध्यभागी इतकी दाटी झाली की ऑल्डगेट या स्टेशनाचं नाव मधोमध तोडून बसवावं लागलं. तत्त्व तेच, रंग तेच, तरी वाचताना अडखळायला होतं कारण नजर वळणावरून घसरत पुढे जाते आणि कोपऱ्यावर आपटते. पॉल गारबट यानं 1964 मध्ये गोलाई परत आणली. आजच्या लंडनच्या नकाशावर मूळ कल्पना बेकची असा उल्लेख छापतात, त्याच्या हयातीत मात्र या श्रेयावरून बरीच कटुता झाली होती.

न्यूयॉर्कचा वाद : डिझायनर मासिमो विग्नेली आणि सहकाऱ्यांचा 1972 चा सबवे नकाशा हे या विषयातलं सगळ्यात जास्त चघळलेलं उदाहरण. प्रत्येक सेवेला (म्हणजे ठरावीक मार्गाच्या गाडीला) स्वतंत्र रंगीत रेषा, प्रत्येक स्टेशनाला ठिपका, म्हणजे ठिपका असला तर गाडी थांबते नसला तर नाही, याहून स्पष्ट काय असणार. पण सेंट्रल पार्क करड्या रंगाचा आणि जवळजवळ चौकोनी, जो प्रत्यक्षात लांबट आयत आहे, आणि पाणी निळं नसून मातकट. ब्रॉडवेवरचं 50 वी स्ट्रीट हे स्टेशन तर आठव्या अव्हेन्यूवरच्या त्याच नावाच्या स्टेशनाच्या पश्चिमेला पडलं होतं, जे प्रत्यक्षात पूर्वेला आहे, म्हणजे वर येऊन नकाशाच्या भरवशावर चालू लागलेला माणूस सरळ उलट्या दिशेला जायचा. लंडनमध्ये असला खोटेपणा खपून जातो, तिथले रस्ते आधीच वेडेवाकडे. न्यूयॉर्कात रस्त्यांना नंबर आहेत, शहराचा आराखडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, त्यामुळे तिथे चूक लगेच डोळ्यांत खुपते. 1979 मध्ये जॉन टॉरानॅक यांच्या समितीखाली मायकेल हर्ट्झच्या कंपनीनं भूगोलाला धरून नवा नकाशा केला, त्यात एका मुख्य मार्गावरच्या सगळ्या सेवांना एकच रंग आणि एकच जाड रेषा. रेषा कमी झाल्या पण कुठली गाडी कुठे थांबते हे स्टेशनाखालची बारीक अक्षरं वाचून शोधावं लागायचं. चाळीसहून जास्त वर्षं तोच राहिला आणि 2025 मध्ये न्यूयॉर्क पुन्हा विग्नेलीच्या वळणाच्या आराखड्याकडे आलं, तेही एका मार्गाला एक रंग हा 1979 चा नियम ठेवून. या तडजोडीतच शहाणपण आहे असं वाटतं.

माद्रिदनं 2007 मध्ये तिरप्या रेषा काढून टाकून सगळं आडवं-उभं करून पाहिलं. तो नकाशा दिसायला नीटनेटका होता पण लोकांना पचला नाही, आणि 2013 मध्ये तिरपे कोन परत आले.

सुटसुटीतपणा मोजायचा कसा : अष्टदिशांचा नियम (रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि 45 अंशांत) म्हणजेच चांगली आखणी असं डिझायनर लोक बरीच वर्षं धरून चालले. मॅक्सवेल रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञानं त्याला आव्हान दिलं. त्यानं पॅरिस मेट्रोचा सगळा वळणावळणांचा नकाशा काढला आणि लोकांना अमुक स्टेशनाहून तमुक स्टेशनाला जायचा मार्ग शोधायला लावला, तर अधिकृत नकाशापेक्षा त्यावर वेळ बराच कमी लागला. गंमत अशी की लोकांना आवडणारा नकाशा आणि लोकांना पटकन वाचता येणारा नकाशा यांचा मेळ बसेना. त्यामुळे नवा नकाशा कसा वाटला हे विचारून फारसं हाती लागत नाही, स्टेशनं देऊन मार्ग शोधायला लावायचं, घड्याळ लावायचं आणि चुका मोजायच्या. रॉबर्ट्सच्या मते कोन किती अंशांचे हा मुद्दा दुय्यम आहे, एका लाइनला मोड किती पडतात हे आधी बघायचं. पॅरिससारख्या गुंतागुंतीच्या जाळ्यात आठच दिशा हट्टानं धरल्या की लाइनी उगीच नागमोडी होतात.

आराखडा प्रवाशाला चुकीच्या वाटेनेही नेऊ शकतो. संशोधक झान गुओ यांच्या 2011 च्या अभ्यासात लंडनचे प्रवासी मार्ग निवडताना प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा कागदावरच्या लांबीचा विचार जास्त करतात असं निघालं. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन या शेजारच्या स्टेशनांमधलं अंतर जेमतेम 260 मीटर, चालत गेलं तर गाडीची वाट बघण्याच्या आत पोचाल, पण नकाशावर ते चांगलं स्टेशनभर दिसतं आणि लोक खाली उतरून गाडी पकडतात. उलट चेशम हे टोकाचं स्टेशन आणि त्याच्या आधीचं स्टेशन यांच्यात सहा किलोमीटरहून जास्त अंतर आहे, ते कागदावर आवळून जातं. याचा अर्थ अंतरं खरी दाखवा असा नाही, गर्दीच्या स्टेशनावरून प्रवासी वळवायचे असतील तर रेषेची लांबी हेही एक हत्यार आहे एवढंच.

रंग डझनाच्या पुढे गेले की डोळ्याला वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून नंतरच्या लाइनी दुहेरी किंवा पोकळ रेषेनं काढतात. लंडन ओव्हरग्राउंड हे तिथल्या उपनगरी गाड्यांचं जाळं अनेक वर्षं एकाच नारिंगी रंगात होतं, त्या जंजाळात कुठली गाडी कुठे जाते ते कळेना म्हणून 2024 मध्ये त्याच्या सहा लाइनी करून प्रत्येकीला नाव आणि रंग दिला. रंगांधळेपणा युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 8 टक्के असतो, तेव्हा नुसत्या रंगावर भिस्त ठेवणं चूकच. पॅरिसमध्ये लाइनीला आकडा असतो, टोकियो मेट्रोनं 2004 पासून स्टेशनांना अक्षर आणि नंबर दिले, आणि मेक्सिको सिटीत तर डिझायनर लान्स वायमन यांच्या कामातून प्रत्येक स्टेशनाला स्वतंत्र चित्र मिळालं ज्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही स्टेशन ओळखता आलं.

नकाशा आपोआप काढणारे प्रोग्रॅम 2000 नंतर बरेच आले, नोलेनबुर्ग आणि वोल्फ या संगणकशास्त्रज्ञांचं काम त्यातलं महत्त्वाचं. आठ दिशांत जाळं बसवणं हे गणिताच्या दृष्टीनं अवघड प्रश्नांत मोडतं, आणि नावं रेषेवर न चढता बसवणं ही शेवटची कटकट अजून बहुधा माणसालाच हातानं निस्तरावी लागते.

काय काढून टाकायचं यालाही हद्द आहे. 2009 च्या सप्टेंबरात लंडनच्या नकाशावरून टेम्स आणि भाड्याचे झोन काढले तेव्हा इतकी ओरड झाली की वर्ष संपायच्या आत दोन्ही परत आले. उलट व्हीलचेअरची चिन्हं, झोन आणि तळटीपा वाढत गेल्यानं तोच नकाशा आता पुन्हा गजबजलाय, म्हणून काही माहिती वेगळ्या नकाशांवर देतात, जसा 2015 मध्ये काढलेला दोन स्टेशनांमधली चालायची मिनिटं दाखवणारा नकाशा.