सिस्टर ही फादरची जोडी नव्हे

नंदुरबार जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी पाळक आणि पाळकीणबाई येतात. नवापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या जुन्या. तिथले पाळक संसारी असतात, पाळकीणबाई बायकांच्या प्रार्थना घेतात, आजाऱ्याच्या घरी जाऊन येतात. मग कॅथलिक मिशनच्या आवारात एक फादर आणि आम्ही चार सिस्टर दिसलो की लोक तोच हिशेब इथे लावतात. बाजारात भाजी निवडताना पाठीमागून "फादरनी घरवाली शे का ही?" असं कितीदा कानावर येतं. शिकलेली माणसं असं विचारत नाहीत. ती विचारतात, "सिस्टर, अजून किती वर्षांनी तुम्ही फादर व्हाल?" आणि शाळेच्या कार्यक्रमाची बातमी छापून येते तेव्हा फोटोखाली आम्हाला "महिला धर्मगुरू" केलेलं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडचे कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, सिस्टरही करत नाहीत. दोघांची घरं वेगळी, चुली वेगळ्या. बाकीच्या दोन चुका मात्र चिवट आहेत, कारण त्यांच्या मुळाशी असलेला गैरसमज कॅथलिक घरांतही तितकाच आहे: सिस्टर आणि फादर म्हणजे एकाच कामाचे बायकांचे आणि पुरुषांचे प्रकार, किंवा एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या.

फादर काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. ते मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याची आमची मुख्य उपासना, अर्पण करतात, पापनिवेदन ऐकतात, लग्न लावतात, मयताला येतात. खान्देशचे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या हद्दीत, येतात. हा धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. इथल्या फादरांना कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या गावच्या चर्चमध्ये, पाठवायचं ते नाशिकचे बिशप ठरवतात. आता सिस्टर. दवाखान्यातली सिस्टर म्हणजे परिचारिका, तो वेगळाच विषय. मठाच्या आत राहून प्रार्थनेचं जीवन जगणाऱ्या त्या नन, आणि शाळा, दवाखाना, वसतिगृह चालवणाऱ्या आम्ही सिस्टर. सगळ्यांना सरसकट नन म्हणणं मला आवडत नाही, पण त्याने फार काही बिघडत नाही.

बिघडतं ते इथे: फादर होणं हा संस्कार आहे, सिस्टर होणं हे व्रत आहे.

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत आणि गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा विधी, हा त्यांतला एक. बिशप उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतात, प्रार्थना करतात, त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. उमेदवार तिथे घेणारा असतो. जे मिळतं ते त्याला स्वतःहून घेता येत नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच देता येतो, आणि १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्यावर कुणाचं काय मत आहे ते असो, वस्तुस्थिती ही आहे की सिस्टर कितीही वर्षं सेवेत राहिली तरी तिची वाट गुरुदीक्षेकडे जात नाही. तिने ती वाट धरलेलीच नसते.

व्रताच्या दिवशी नेमकं उलटं घडतं. तिथे बोलते ती मुलगी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांचं वचन तिने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून आणलेलं असतं. वेदीसमोर उभी राहून ती ते मोठ्याने वाचते आणि तिथेच त्यावर सही करते. मिस्सा फादर किंवा बिशप अर्पण करत असतात, पण व्रत स्वीकारतात त्या आमच्या सुपीरियर, म्हणजे आमच्या सिस्टरांच्या संघाच्या प्रमुख. एका बाईने देवाला दिलेलं वचन चर्चच्या नावाने दुसरी बाई स्वीकारते. व्रतविधीला आलेली माणसं फुलं, गाणी, पाहुणे सगळं बघतात आणि नेमका हा क्षण त्यांच्या नजरेतून सुटतो. घरी जाऊन सांगतात, "फादरांनी तिला सिस्टर केलं." फादरांनी केलेलं नसतं.

आपल्याकडे हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीतला वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि माळ घातल्यावर तिचे नियम पाळतो. म्हणून तो देवळातला पुजारी होत नाही. कुणी त्याला "पुजारी कधी होणार?" असंही विचारत नाही, कारण माळ घालणं हे पुजारी होण्याआधीचं शिक्षण नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

गुरुदीक्षेची खूण पुसली जात नाही. एखाद्या फादरला पदावरून दूर केलं, त्याने पुढे लग्न केलं, तरी तो दीक्षित राहतोच. म्हणूनच मरणाच्या दारातल्या माणसाचं पापनिवेदन असा फादरही ऐकू शकतो आणि त्याने दिलेली क्षमा खरी ठरते. व्रतातून मात्र रीतसर मोकळं होता येतं. आधी किमान एक वर्ष नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, मग तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं, गरज पडली तर ती मुदत नऊ वर्षांपर्यंत वाढते, आणि त्यानंतर कायमची व्रतं. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपल्यावर जी मुलगी घरी परतते तिच्याबद्दल गावात "फेल झाली" असं बोलतात, ते मला अजिबात सहन होत नाही. पारख करता यावी म्हणूनच चर्चने ती वर्षं ठेवली आहेत. तिने दिलेल्या मुदतीचं वचन पुरं केलेलं असतं.

घोळ सगळ्यात जास्त होतो तो पावसाळ्यात. चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावकडे निघालेले फादर तळोद्यालाच अडकतात. रविवार असतो, माणसं पाड्यांवरून चालत आलेली असतात. अशा वेळी सिस्टर उभी राहते, शास्त्रपाठ वाचते, प्रार्थना घेते, आणि बिशपांनी तिला तशी नेमणूक दिलेली असेल तर पवित्र पेटीतून ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, काढून लोकांना वाटते. बाहेर पडताना लोक म्हणतात, "आज सिस्टरने मिस्सा केली." नाही केली. तिने वाटलेलं ख्रिस्तशरीर आधीच्या कुठल्यातरी मिस्सेत फादरांनीच अभिमंत्रित केलेलं होतं. भाकर आणि द्राक्षरसावरची ती प्रार्थना सिस्टर म्हणत नाही, म्हणू शकत नाही. मदर तेरेसांनाही रोजच्या मिस्सेसाठी फादरच लागायचे. आणि ख्रिस्तशरीर वाटण्याची नेमणूक एखाद्या प्रापंचिक शिक्षकाला किंवा गृहिणीलाही मिळते, त्यासाठी सिस्टर असावं लागत नाही.

मग सिस्टरची जोडी कुणाशी? ब्रदरशी. ब्रदर म्हणजे हीच तीन व्रतं घेतलेला, गुरुदीक्षा न घेतलेला पुरुष. तो फादर होण्याच्या रांगेत उभा नसतो, त्याला ब्रदरच राहायचं असतं. हे उदाहरण लोकांना पटकन पटायला हवं, पण पटत नाही, कारण सुट्टीत पॅरिशमध्ये मदतीला येणाऱ्या, सेमिनरीत फादर होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलालाही आपण ब्रदरच म्हणतो आणि तो पुढे खरोखर फादर होतो. व्रतस्थ ब्रदर आपल्या लोकांच्या पाहण्यात फारसे येत नाहीत, म्हणून सगळे ब्रदर शिकाऊच वाटतात.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. नाशिकचे पहिले बिशप थॉमस भालेराव येशूसंघीय, म्हणजे जेझुइट संघाचे व्रतस्थ, होते. येशूसंघीय फादर आधी व्रतं घेतात, पुढे कैक वर्षांनी गुरुदीक्षा. तिथे व्रत आणि दीक्षा ही दोन वेगळी पावलं आहेत हे उघड दिसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात हे लिहूनच ठेवलंय: व्रतस्थ जीवन हे धर्मगुरू आणि सामान्य श्रद्धावंत यांच्या मधलं पद नाही, दोन्हीकडची माणसं त्यात येतात.

धर्मप्रांताचे फादर मात्र दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. ते ब्रह्मचर्य पाळण्याचं आणि बिशपांची आज्ञा मानण्याचं वचन देतात, पण वडिलांच्या शेतात त्यांचा हिस्सा राहू शकतो, मोटारसायकल त्यांच्या स्वतःच्या नावावर असू शकते. सिस्टर अनुदानित शाळेत शिकवत असेल तर पगार तिच्या नावावर निघतो आणि संघाकडे जातो. चप्पल तुटली तर ती सिस्टरांच्या घरातल्या सुपीरियरकडे पैसे मागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पगारातूनही आयकर आधीच कापला जाईल हे कायम केलं. पगार त्या व्यक्तीजवळ राहतच नाही, हा संघांचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. त्या वेळी ओळखीच्या कितीतरी लोकांना पहिल्यांदाच कळलं की आमच्या हातात पगार येत नाही.

फादर सिस्टरचे साहेब नाहीत. पॅरिशचं काम आम्ही त्यांच्यासोबत करतो, त्यात त्यांचा शब्द मानतो, कारण पॅरिशची जबाबदारी त्यांची. पण माझी बदली ते करू शकत नाहीत, कॉन्व्हेंटचा, म्हणजे आम्हा सिस्टरांच्या घराचा, हिशेब ते बघत नाहीत. ते काम प्रोव्हिन्शियल सिस्टरचं, म्हणजे आमच्या संघाच्या प्रांतप्रमुखांचं. वसतिगृहात प्रवेश हवा म्हणून फादरांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या पालकांना मी हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी चिठ्ठ्या येतातच. जानेवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टर सिमोना ब्राम्बिला यांना व्हॅटिकनच्या एका विभागाचं प्रमुख नेमलं. जगभरातल्या व्रतस्थांचा, म्हणजे व्रत घेतलेल्या फादरांचाही कारभार तो विभाग बघतो. त्या पदावर असूनही त्या मिस्सा अर्पण करत नाहीत.

म्हणून कुठल्या कामाला कुठलं दार ते नीट धरा. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाच्या तारखा, घरच्या मिस्सेची विनंती: पॅरिशच्या ऑफिसात फादरांकडे. वसतिगृह, शिवणवर्ग, आमचा दवाखाना, मुलीला सिस्टर व्हायचं असेल तर त्याची चौकशी: कॉन्व्हेंटमध्ये. रात्री-अपरात्री घरातलं माणूस अत्यवस्थ झालं तर आधी फादरांना फोन करा, कारण रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, फक्त तेच देऊ शकतात; मी येऊन प्रार्थना करीन, हात धरून बसेन, पण ते तेल मला लावता येत नाही. आणि बाप्तिस्मा न झालेलं तान्हं मूल जाईल असं वाटत असेल, आईबापांची इच्छा असेल, तर फादरांची वाट बघू नका आणि माझीही नको. सुईणही चालते, शेजारीणही चालते. बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओता आणि म्हणा, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." सकाळी फादरांना कळवा, म्हणजे ते नोंद करून घेतील.