हुकूम कोणाचा, आणि कुठवर?

१२ जून १९९९. कोसोव्होची राजधानी प्रिश्तिना. युद्ध थांबवण्यासाठी सर्बियाशी झालेल्या करारानुसार नाटोची ‘केफोर’ ही शांतता फौज त्या दिवशी शहरात यायची होती, पण तिच्याआधी रशियन येऊन बसले. सुमारे दोनशे सैनिक, शेजारच्या बोस्नियातून चिलखती गाड्या दामटत आलेले. बोस्नियात ते नाटोच्याच नेतृत्वाखालच्या ‘एसफोर’ या शांतता फौजेत होते. गाड्यांवरची ती अक्षरं खोडून घाईघाईने ‘केफोर’ रंगवलं होतं. त्यांनी थेट स्लातिना विमानतळ गाठला.

नाटोचे युरोपातले सरसेनापती, अमेरिकी जनरल वेस्ली क्लार्क, यांनी केफोरचे सेनापती ब्रिटिश जनरल माइक जॅक्सन यांना सांगितलं, धावपट्टी अडवा. जॅक्सन यांचं उत्तर पुढे जगभर छापून आलं: तुमच्यासाठी मी तिसरं महायुद्ध सुरू करणार नाही. विमानतळाकडे निघालेल्या ब्रिटिश ताफ्याच्या पुढे एक तरुण अधिकारी होता, जेम्स ब्लंट. हाच तो, पुढे गायक म्हणून गाजलेला.

कुठल्याही एका देशाच्या सैन्यात वरिष्ठाला असं उत्तर देणाऱ्याची गाठ कोर्टमार्शलशी पडते. जॅक्सन यांचं काहीच बिघडलं नाही, कारण त्यांनी लंडनला विचारलं होतं आणि लंडन त्यांच्या बाजूने होतं. बहुराष्ट्रीय फौज कशी चालते, हे समजून घ्यायला हा एक प्रसंग पुरतो.

आपल्याकडे शाळेतले शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीवर जातात. कुठल्या बूथवर बसायचं, किती वाजता यंत्र सुरू करायचं, हे निवडणूक अधिकारी सांगतो. पण पगार शाळेतून, रजा शाळेतून, बढती शाळेतून. आणि निवडणूक अधिकारी त्या शिक्षकाला ‘आता जरा शेजारच्या तालुक्यातली जनावरं मोजून या’ असं सांगू शकत नाही. बहुराष्ट्रीय फौजेतला सैनिक असाच उसना असतो. त्याच्यावरचा पूर्ण ताबा त्याचा देश कधीच सोडत नाही. सोडतो तो ठरावीक मोहिमेपुरता ताबा, आणि त्याहून आखूड म्हणजे एखाद्या कामापुरता, एखाद्या भागापुरता ताबा. कुठल्या तुकडीचा कुठला ताबा कोणाकडे गेला, हे तुकडी निघण्याआधी कागदावर ठरतं. शिवाय प्रत्येक देशाचा एक वरिष्ठ अधिकारी मोहिमेत असतो. त्याच्याकडे ‘लाल कार्ड’ असतं, असं सैनिकी बोलीत म्हणतात. हुकूम आपल्या सरकारच्या अटींत बसत नाही असं वाटलं, की तो ते दाखवतो. जॅक्सन एकाच वेळी केफोरचे सेनापतीही होते आणि ब्रिटिश जनरलही. त्या दिवशी त्यांनी दुसरी टोपी घातली.

हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? त्याचं उत्तर बोस्नियात आहे. पूर्वीच्या युगोस्लाव्हियात १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज उतरली. तिचे पहिले सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मूळचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. ते १९९३ मध्ये परतले. त्यानंतर तिथे हवाई हल्ल्यांसाठी जी पद्धत आली ती बँकेच्या लॉकरसारखी होती, दोन किल्ल्यांची: संयुक्त राष्ट्रांनी हो म्हणायचं आणि नाटोनेही. संयुक्त राष्ट्रांची किल्ली बहुतेक वेळा वेळेवर लागलीच नाही. म्हणून डिसेंबर १९९५ मध्ये, बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर, नाटोची सुमारे साठ हजारांची फौज आली, तेव्हा ताब्याची साखळी एकच ठेवली. कोसोव्होत तोच नमुना उचलला.

कोसोव्हो म्हणजे सुमारे १०,९०० चौरस किलोमीटर, आपल्याकडचा एखादा जिल्हा. तेवढ्या जागेत सुरुवातीला पन्नास हजारांच्या आसपास सैनिक यायचे होते, तेही तीसहून अधिक देशांचे. सेनापतीने प्रत्येक तुकडीला स्वतः हुकूम द्यायचे ठरवले तर त्याला झोपायला वेळ मिळणार नाही. म्हणून प्रदेशाच्या पाच वाटण्या केल्या: मध्ये ब्रिटन, पूर्वेला अमेरिका, उत्तरेला फ्रान्स, पश्चिमेला इटली, दक्षिणेला जर्मनी. प्रत्येक वाटणीत एक ब्रिगेड, आणि तिचा कणा त्या मोठ्या देशाचा. मुख्यालय, संदेशयंत्रणा, अधिकाऱ्यांचा मोठा भाग तो पुरवतो आणि लहान देश आपली पलटण, इस्पितळ किंवा सुरुंग काढणारं पथक आणून त्याला जोडतात.

नकाशावर ही वाटणी नीटनेटकी दिसते, पण ती निव्वळ लष्करी हिशेबाने झालेली नव्हती. कोणाची सीमा कुठे लागते, कोणाला कोणाशेजारी राहायला चालेल, आणि घरच्या संसदेत काय सांगता येईल, हेही त्यात होतं. रशियाला स्वतंत्र वाटणी हवी होती. ती दिली तर कोसोव्होची फाळणी होईल, ही नाटोची भीती. इकडे विमानतळावर बसलेल्या रशियनांची कुमक विमानाने येणार होती, पण हंगेरी, रोमानिया आणि बल्गेरियाने आपल्या आकाशातून वाट दिली नाही. दोनशे माणसं शिधापाण्याशिवाय अडकली. जॅक्सन रशियन सेनापतीला पावसात भेटले आणि खिशातली व्हिस्कीची बाटली पुढे केली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. १८ जूनला हेलसिंकीत तडजोड झाली: रशियनांना स्वतंत्र वाटणी नाही, त्यांच्या पलटणी अमेरिकी, फ्रेंच आणि जर्मन भागांत विखुरल्या जातील.

मुख्यालयातल्या कामाची विभागणी मात्र सगळीकडे सारखी, आकड्यांनी चालणारी. १ म्हणजे माणसं, २ म्हणजे गुप्तवार्ता, ३ प्रत्यक्ष कारवाई, ४ रसद, ५ पुढचं नियोजन, ६ संदेशवहन, आणि ९ म्हणजे स्थानिक नागरिकांशी व्यवहार. त्यामुळे सकाळी नॉर्वेहून आलेल्या अधिकाऱ्याला दुपारी तुर्की सहकाऱ्याचं टेबल बरोबर सापडतं. युद्धात ‘३’चा रुबाब असतो. स्थैर्याच्या मोहिमेत ‘९’ वर चढतो, कारण प्रश्न शाळेच्या छपराचा, विहिरीचा, परतणाऱ्या कुटुंबाच्या घराचा असतो. रसद मात्र मुख्यतः ज्याची त्याने आणायची. बंदुकीचे सुटे भाग, टपाल, चवीचं जेवण हे प्रत्येक देश आपापल्या गोदामातून पुरवतो. पाहणाऱ्याला हा वेडगळपणा वाटतो, आणि थोडा तो आहेच.

या रचनेचं खरं दुखणं १७ मार्च २००४ ला उघडं पडलं. दोन दिवस कोसोव्होभर अल्बेनियन आणि सर्ब यांच्यात दंगली पेटल्या. १९ माणसं मेली, चार हजारांहून अधिक बेघर झाली, बेघरांत बहुसंख्य सर्ब. त्याआधी पश्चिम आणि दक्षिणेच्या ब्रिगेडी एकत्र करून एकच नैर्ऋत्य ब्रिगेड केली होती. त्याच ब्रिगेडच्या हद्दीत देचानीच्या सर्बांच्या जुन्या मठाभोवती इटालियन सैनिकांनी कडं केलं आणि मठ वाचला. त्याच ब्रिगेडच्या हद्दीत प्रिझरेनजवळच्या आर्चएंजल्स मठातून जर्मन सैनिकांनी साधूंना सुखरूप बाहेर काढलं, पण मठ जळाला. जर्मन भित्रे होते असं म्हणणं सोपं आहे आणि तेव्हा जर्मन वृत्तपत्रांनीही त्यांना सोडलं नाही. पण त्यांच्या हातात नियम कोणते होते ते पाहा. इमारत वाचवण्यासाठी जमावावर गोळी चालवायची परवानगी नाही, आणि त्या वेळच्या जर्मन नियमांनी सैनिकांना अश्रुधूरही वापरता येत नव्हता. म्हणजे एकीकडे रायफल, दुसरीकडे रिकामे हात, मधलं काही नाही.

अशा घरून आलेल्या अटींना नाटोत ‘कॅव्हिएट’ म्हणतात. कोणाची तुकडी आपली हद्द ओलांडून शेजारी मदतीला जाणार नाही, कोणाची दंगल हाताळणार नाही. अटी कागदावर असतात, पण गडबडीच्या रात्री सेनापतीच्या हातात पडतात त्या नकाराच्या रूपात. नकाशावर त्याला पलटणी दिसतात आणि त्यांतल्या किती खरोखर हलवता येतील ते त्याला फोन करून कळतं.

त्यानंतर बऱ्याच अटी सैल झाल्या, जर्मनीने अश्रुधुराचा नियमही बदलला. २००६ मध्ये ब्रिगेडींच्या जागी कृती दलं आली. नवं नाव महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की सेनापतीला कोसोव्होत कुठेही, कोणाचीही हद्द ओलांडून नेता येईल अशी राखीव पलटण त्याच्या स्वतःच्या हाताखाली आली. दंगल हाताळायचं काम तर आधीपासून एका वेगळ्याच जातीच्या सैनिकांकडे होतं: इटलीचे काराबिनिएरी, जे घरी पोलीसही असतात आणि सैनिकही. ढाल, लाठी, धूर आणि गर्दीशी बोलायची सवय, हे सगळं त्यांच्याकडे असतं.

आज केफोर साडेचार हजारांच्या आसपास उरली आहे. उत्तरेकडच्या मित्रोवित्सा शहरात इबार नदीच्या उत्तरेला मुख्यतः सर्ब राहतात, दक्षिणेला अल्बेनियन, आणि मधल्या पुलावर काराबिनिएरींच्या गाड्या उभ्या असतात. ते कुठल्याही भागाच्या कमांडरला जबाबदार नाहीत, त्यांचा हुकूम थेट केफोरच्या सेनापतीकडून येतो. रजेचा अर्ज मात्र ते रोमलाच पाठवतात.