मुंबई उपनगर जिल्हा : लोकसंख्या आणि कुटुंबे

माहीमची खाडी आणि शीव ओलांडल्यावर सुरू होणारा, पश्चिमेला दहिसर व पूर्वेला मुलुंड चेकनाक्यापाशी संपणारा महाराष्ट्रातील संपूर्ण नागरी जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथे ९३,५६,९६२ माणसे मोजली गेली. त्या वेळी राज्यात ठाणे आणि पुणे यांच्यानंतर या जिल्ह्याचा क्रमांक होता. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळे झाल्यावर, त्याच आकड्यांनुसार, तो दुसरा झाला. क्षेत्रफळ ४४६ चौ. किमी., तालुके तीन : कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. इथे जिल्हा परिषद नाही, ग्रामपंचायत नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे झाले तेव्हा हा आजच्या रूपात आला, पण उपनगर म्हणून त्याचा इतिहास त्याहून जुना आहे. साष्टी बेटावरची ही गावे १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत महापालिकेच्या हद्दीत आली.

जिल्ह्याची घनता दर चौ. किमी.ला सुमारे २१ हजार निघते. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो आणि त्यामुळे दिशाभूलच जास्त होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग, आरेची जमीन, पवई-विहार-तुळशी हे तलाव, मनोरी-गोराईकडची खारफुटी हे सगळे त्या ४४६ चौ. किमी.मध्ये धरलेले असते. ही वस्ती नसलेली जागा त्यातून वजा केली तर लोक किती दाटीने राहतात हे कळते. तीही दाटी सारखी नाही. महापालिकेच्या प्रशासकीय विभागांपैकी २०११ मध्ये मालाडच्या पी-उत्तर विभागात ९,४१,३६६, कुर्ल्याच्या एल विभागात ९,०२,२२५ आणि गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व विभागात ८,०७,७२० लोक होते. वांद्रे पश्चिम-खारच्या एच-पश्चिम विभागात मात्र ३,०७,५८१. मालाडचा एक विभाग हा लोकसंख्येने राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांपेक्षा मोठा भरतो.

वाढ

१९५१ मध्ये बृहन्मुंबईच्या सुमारे ३० लाखांपैकी उपनगरांत जेमतेम साडेसहा-सात लाख लोक राहत. १९६१ मध्ये ते सुमारे १३.८ लाख झाले, १९७१ मध्ये २९ लाख. त्या वर्षी शहर आणि उपनगरे जवळजवळ बरोबरीला आली. १९८१ ला उपनगरे सुमारे ४९.६ लाखांवर गेली आणि शहर ३३ लाखांच्या आत राहिले. पुढे १९९१ मध्ये ६७.५ लाख, २००१ मध्ये ८६.४ लाख. आणि मग वेग मंदावला : २००१ ते २०११ या दशकात वाढ फक्त ८.२९ टक्के. शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर त्याच दशकात साडेसात टक्क्यांनी घटून ३०,८५,४११ वर आली.

या वाढीमागचे पहिले कारण रेल्वे. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरची गाडी धावू लागली, तेव्हा पार्ले, अंधेरी, घाटकोपर इथे घर करून फोर्टातली नोकरी सांभाळणे जमू लागले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहती आल्या. चेंबूर कॅम्प हे नाव अजून रूढ आहे. त्यानंतर गृहनिर्माण मंडळाची नगरे उभी राहिली : विक्रोळीचे कन्नमवार नगर व टागोर नगर, घाटकोपरचे पंतनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर, गोरेगावचे मोतीलाल नगर. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची अनेक घरे खोली विकून उत्तरेकडे सरकली. या सगळ्यांच्या आधीपासून इथे राहणारे म्हणजे वेसावे, मढ, खारदांडा इथले कोळी, गावठाणांतले ईस्ट इंडियन म्हणजे इथले मूळ ख्रिस्ती, आगरी आणि आरेच्या पाड्यांवरचे वारली. नऊ दशलक्षांत त्यांचा हिस्सा आज इतका लहान दिसतो की जिल्ह्याच्या सरासरीत ते हरवूनच जातात. याची खंत वाटायला हवी, कारण जमीन मुळात त्यांची होती.

स्त्री-पुरुष प्रमाण आणि कोकण

मुंबईत आधी पुरुष आले, घरे मागाहून आली. १९६१ मध्ये बृहन्मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सातशेहूनही कमी होत्या. खानावळीत जेवून गाळ्यात रांगेने झोपणाऱ्या कामगारांचे ते शहर होते. उपनगर जिल्ह्याचे प्रमाण २००१ मध्ये ८२२ आणि २०११ मध्ये ८६० झाले. शहर जिल्ह्याचे अनुक्रमे ७७७ आणि ८३२. उपनगर पुढे आहे ते तिथे बिऱ्हाड थाटता येते म्हणून.

या आकड्यांचे दुसरे टोक कोकणात आहे. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण ११३६ आणि १०७९ होते. भांडुप, विक्रोळी, जोगेश्वरीच्या चाळींत ज्यांची नोंद होते ते पुरुष चिपळूण, देवगडच्या घरांतून वजा झालेले असतात, आणि आता त्यांच्यामागून बायका-मुलेही येतात. म्हणून तिकडचे प्रमाण उतरते, इकडचे चढते. दोन जिल्ह्यांची जनगणना एकत्र वाचल्याशिवाय एका कुटुंबाची गोष्ट पुरी होत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र हा खुलासा चालत नाही. तिथे हजार मुलग्यांमागे मुली ९१३ आहेत. त्याला स्थलांतर जबाबदार नाही.

कुटुंब म्हणजे कोण

जनगणनेत कुटुंब रक्ताच्या नात्यावरून ठरत नाही. एरवी एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये भाडे वाटून राहणाऱ्या आणि एका बाईच्या हातचे जेवणाऱ्या चार नोकरदार मुली हे एक कुटुंब. एका खोलीत राहून दोन स्टोव्ह पेटवणारे दोन सख्खे भाऊ ही दोन. घराची व्याख्याही वेगळी आहे : रस्त्यावर, सामाईक अंगणात किंवा जिन्यावर उघडणारे स्वतंत्र मुख्य दार असेल तर ते वेगळे ‘जनगणना घर’.

या दोन्ही व्याख्या मालाडच्या मालवणीत किंवा गोवंडीच्या शिवाजीनगरात लावून पाहाव्यात. खाली दहा बाय पंधराची खोली, मोरीला अर्धी भिंत, ओट्यावर गॅस, भिंतीला टेकवलेला फोल्डिंगचा पलंग. बाहेरून भिंतीला जोडलेली उभी लोखंडी शिडी, तिच्यावरून वरच्या पत्र्याच्या खोलीत जायचे. वरती भाडेकरू, त्यांचे दार वेगळे, चूल वेगळी. म्हणजे वीजमीटर एक, पण जनगणनेच्या हिशेबी घरे दोन, कुटुंबे दोन. शिडी आतून असती तर घर एक आणि कुटुंबे दोन झाली असती. प्रगणक दुपारी आला आणि वरची मंडळी कामावर असली तर ती शिडी त्याच्या नजरेतून निसटूही शकते. शिधापत्रिकेचा हिशेब आणखी निराळा : लग्न झालेल्या मुलाने नाव वेगळे काढले की कागदावर दोन कुटुंबे होतात, जेवण मात्र आईच्याच हातचे.

२०११ मध्ये जिल्ह्यात सुमारे २१ लाख कुटुंबे होती. कुटुंबाचा सरासरी आकार साडेचारच्या आत-बाहेर. हा आकार जन्मदर घटल्यामुळे आणि एकत्र कुटुंबे फुटल्यामुळे लहान होत आला आहे. राज्याचा एकूण जननदरच (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ इतका, म्हणजे पिढीची भरपाई होण्याइतकाही उरलेला नाही. त्यामुळे लोकसंख्या फारशी वाढली नाही तरी घरांची गरज वाढतच राहते. नियोजन करताना माणसे मोजून भागत नाही, चुली मोजाव्या लागतात, आणि माझ्या मते या जिल्ह्याबद्दल सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट हीच आहे.

लहान कुटुंब म्हणजे ऐसपैस जागा, असे मात्र इथे झालेले नाही. मुंबईतली निम्म्याहून अधिक कुटुंबे एका खोलीत राहतात. पार्ले, मुलुंड, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत तीन खोल्यांत दोघेच वृद्ध आणि मुले पुण्यात नाहीतर परदेशी, असे चित्र दिसते. त्याच बोरिवलीत एका खोलीत तीन पिढ्या झोपण्याच्या पाळ्या लावून राहतात. साडेचार हा आकडा या दोन घरांपैकी कोणाचाच नाही.

झोपडपट्टी आणि पुनर्वसन

बृहन्मुंबईत २०११ मध्ये सुमारे ५२ लाख लोक, म्हणजे शंभरांतले बेचाळीस, झोपडपट्टीत मोजले गेले. २००१ मध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. यातला फार मोठा वाटा उपनगरांचा आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या अखेरीस स्थापन झाले. सुरुवातीला २२५ चौ. फुटांचे घर मिळे, पुढे २६९, नंतर ३०० चौ. फुटांचे. पाच माणसांच्या कुटुंबाला २२५ फुटांत माणशी ४५ फूट येतात. मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड किंवा गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड या इमारतींत रेल्वे आणि रस्त्यांसाठी हटवलेली कुटुंबे आणून वसवली. झोपडी गेली, मोजणीतले वर्गीकरण बदलले. दाटी तशीच राहून आडवीची उभी झाली, आणि इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो.

याहून वेगळा प्रयोग १९८५ च्या जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या नागरी विकास प्रकल्पाचा. चारकोप, गोराई, मालवणी इथे बांधलेले घर न देता पाणी, गटार, रस्ता असलेला छोटा भूखंड दिला गेला. लोकांनी ऐपतीप्रमाणे आधी एक खोली, मग वरचा मजला असे चढवत नेले. चारकोपच्या सेक्टरांत मधल्या चौकाभोवतीची ती बैठी घरे आता दुमजली-तिमजली आहेत आणि लग्न झालेल्या मुलाची चूल बहुधा वरच्या मजल्यावर असते. वाढत्या कुटुंबाला जागच्या जागी सामावून घेणारी या जिल्ह्यातली सरकारी योजना म्हणून तिचे मोल मोठे आहे.

भाषा आणि धर्म

जिल्ह्यात सुमारे दोन-तृतीयांश लोक हिंदू, पाचवा हिस्सा मुस्लिम, उरलेल्यांत मुख्यतः बौद्ध, जैन व ख्रिस्ती. साक्षरता ८९.९१ टक्के. बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा नोंदवणारे २००१ मध्ये सुमारे ४५.२ लाख होते, ते २०११ मध्ये ४४ लाखांवर आले. हिंदी नोंदवणारे २५.९ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. मराठी माणसे नाहीशी झालेली नाहीत. ती विरार, बदलापूर, डोंबिवलीच्या गाडीत आहेत.

चेकनाक्यापलीकडे

उपनगराची वाढ थंडावली त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १,१०,६०,१४८ वर पोहोचला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मिरा-भाईंदर ५.२ लाखांवरून ८.१ लाखांवर गेले, ठाणे शहर १२.६ लाखांवरून १८.४ लाखांवर, वसई-विरार १२ लाखांपलीकडे. पूर्वी गिरगाव सोडून बोरिवलीला जाणाऱ्या कुटुंबाची पुढची पिढी बोरिवली सोडून नायगावला जाते. कारण तेच : पगारात बसणारे घर.

लोक सरकले तसे राजकीय वजनही सरकले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी विधानसभेत शहराच्या १७ आणि उपनगराच्या १७ जागा होत्या. नंतर शहराच्या १० आणि उपनगराच्या २६ झाल्या. ती पुनर्रचना २००१ च्या आकड्यांवर होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. तोवर पाण्याचे वाटप, शाळा, दवाखाने, शिधा यांची आखणी २०११ च्या आकड्यांवरच चालते, ज्यात त्यानंतर उभे राहिलेले मनोरे नाहीत आणि त्यांच्यासाठी हललेली वस्तीही नाही.