पांडा केंद्रातल्या झाडूमागचा इतिहास

चीनच्या सिचुआन प्रांतातील दुज्यांगयेन येथील पांडा केंद्र एका दिवसाच्या स्वयंसेवेसाठी जगभरात ओळखले गेले. शुल्क भरायचे, प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरी दाखला द्यायचा, केंद्राचा गणवेश चढवायचा आणि हाती झाडू घ्यायचा, असा तिथला रिवाज. पहिले काम आदल्या दिवशीचा उरलासुरला बांबू आणि लेंड्या गोळा करण्याचे. पांडाची लेंडी रताळ्याएवढी, दोन्ही टोकांना निमुळती आणि हिरवट असते. बांबूचे तंतू तीत जसेच्या तसे दिसतात आणि वास दुर्गंधीचा नव्हे, तर नुकत्याच कापलेल्या गवताचा येतो, कारण मांसाहारी पूर्वजांचे आखूड आतडे घेऊन बांबूवर जगणाऱ्या या अस्वलाला खाल्लेल्यापैकी जेमतेम १७ टक्केच पचते. मग जाड बांबू जमिनीवर आपटून फोडायचा आणि मका, सोयाबीन वगैरेंच्या पिठाची वाफवलेली वडी गजांमधून द्यायची. पांडाला मिठी मात्र मारायची नाही. या साऱ्यात सर्वांत नवा नियम हाच आहे, कारण माणसाचा पांडाशी संबंध सुरू झाला तो नेमका त्याला हात घालण्यापासून.

१८६९ मध्ये आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याला सिचुआनच्या बाओशिंग परिसरातील एका जमीनदाराच्या घरी काळ्या-पांढऱ्या अस्वलाचे कातडे दिसले आणि पाश्चात्त्य विज्ञानाला या प्राण्याची ओळख झाली. पुढची साठ-सत्तर वर्षे ही मुख्यतः बंदुकीची आणि संग्रहालयांतल्या भुसा भरलेल्या नमुन्यांची. १९३६ मध्ये रूथ हार्कनेस या अमेरिकन महिलेने सु-लिन नावाचे जिवंत पिल्लू बाटलीने दूध पाजत अमेरिकेला नेले. ते शिकागोजवळच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचले आणि १९३८ मध्ये मेलेही. पांडा कुशीत घेण्याची हौस त्या पिल्लाच्या छायाचित्रांतून जन्मली, असे म्हणायला हरकत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ची-ची ही पांडा मादी १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या बोधचिन्हाची प्रेरणा ठरली, तेव्हा तर ही हौस जगभर झाली.

संरक्षण केंद्रांचा उगम मात्र हौसेत नाही, उपासमारीत आहे. सिचुआनमधील वोलोंगचे अभयारण्य १९६३ मध्ये स्थापन झाले आणि १९७५ मध्ये ते सुमारे दोन लाख हेक्टरांपर्यंत वाढवण्यात आले. त्याच सुमारास मिनशान पर्वतरांगेत बांबू फुलला. सह्याद्रीत कारवी सात वर्षांनी एकदम फुलते आणि मरते, हे आपल्याला ठाऊक आहे. बांबूचेही तसेच, फक्त त्याचा फेरा कित्येक दशकांचा असतो आणि बियांतून उगवलेले रान पुन्हा खाण्याजोगे व्हायला बरीच वर्षे जातात. पूर्वी पांडा अशा वेळी उतरून दुसऱ्या जातीच्या बांबूकडे जात, परंतु खालची खोरी शेतीखाली गेल्याने ती वाट बंद झाली होती. किमान १३८ पांडा मेलेले आढळले. १९८० मध्ये चीन सरकार आणि जागतिक वन्यजीव निधी यांच्यात करार झाला. चिनी प्राणिशास्त्रज्ञ हू जिनचू आणि अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी वोलोंगच्या डोंगरात रानटी पांडांचा माग काढायला सुरुवात केली. १९८३ मध्ये तिथलाही बांबू फुलला, तेव्हा बचाव मोहिमांचे पेव फुटले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी १९८४ मध्ये शाळकरी मुलांकडून पांडांसाठी सुट्टे पैसे गोळा करण्याची मोहीम काढली. सामान्य परदेशी माणसाचा या कामातला सहभाग इथून मोजता येतो. पकडून आणलेल्या सगळ्याच प्राण्यांना बचावाची गरज होती का, हा प्रश्न शॅलर यांनी उपस्थित केला, आणि तो रास्तच होता.

वोलोंगचे संशोधन केंद्र आणि १९८७ मध्ये जंगलातून वाचवलेल्या सहा पांडांवर सुरू झालेले चेंगडूचे प्रजनन केंद्र, दोन्ही याच काळातली. आणलेले प्राणी जगले, पण त्यांची वीण वाढेना. मादी वर्षातून एकदाच, तेही दोन-तीन दिवसच माजावर असते. पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचे, आईच्या वजनाच्या नऊशेव्या हिश्शाएवढे. आणि जुळे झाले, जे वारंवार होते, तर आई बहुधा एकालाच सांभाळते. यावर निघालेला तोडगा साधा आणि विलक्षण होता: आईपुढे मधाच्या पाण्याचे भांडे धरायचे, ती चाटण्यात गुंतली की कुशीतले पिल्लू काढून उबवणी पेटीतले दुसरे ठेवायचे, आणि दिवसाकाठी अनेकदा ही अदलाबदल करत राहायची. दोन्ही पिल्ले आईच्या दुधावर वाढू लागली आणि केंद्रे भरत गेली.

प्राणी वाढले तसा खर्च वाढला. परदेशी प्राणिसंग्रहालयांना पांडा भाड्याने देण्याच्या जोडीला केंद्रांनी पाहुण्यांकडून देणग्या घेऊन पिल्लासोबत छायाचित्र काढू देण्याची पद्धत सुरू केली. पैसे देऊन स्वयंसेवा करणे हे त्याच व्यवहाराचे अधिक सभ्य रूप होते. १२ मे २००८ च्या वेन्च्वान भूकंपात वोलोंगचे केंद्र उद्ध्वस्त झाले, माओ माओ ही मादी ढिगाऱ्याखाली मेली आणि उरलेल्या पांडांना बिफेंगश्याच्या केंद्रात व इतरत्र हलवावे लागले. हाँगकाँगच्या मदतीने वोलोंगला नवे केंद्र उभे राहिले; दुज्यांगयेनला रोगनियंत्रण, वृद्धापकाळ आणि उपचार यांसाठी वेगळे केंद्र बांधले गेले. अंतर राखण्याची निकड त्यानंतर ठळक झाली: २०१४ च्या अखेरीस शान्शी प्रांतातील एका बचाव केंद्रात कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग शिरला आणि काही पांडा दगावले. पिल्लू मांडीवर घेऊन छायाचित्र काढण्याचा प्रकार पुढे थांबला.

अंतर राखण्याचे दुसरे कारण जंगलाचे. केंद्रात वाढलेला श्यांग श्यांग हा नर २००६ मध्ये रानात सोडला, तो वर्षभरात मेला. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेल्याला रानातले प्रतिस्पर्धी झेपले नाहीत. त्यानंतर पिल्ले आईसोबत कुंपण घातलेल्या डोंगरउतारावरच वाढवली जाऊ लागली, आणि तपासणीसाठी जाणारे कर्मचारी पांडाचा पोशाख घालून, त्याला पांडाचे मूत्र फासून जाऊ लागले. अशा रीतीने वाढलेला ताओ ताओ २०१२ मध्ये लिझिपिंगच्या जंगलात सोडण्यात आला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या गणनेत रानटी पांडांची संख्या १,८६४ होती. दुज्यांगयेनला स्वयंसेवकांनी ज्यांच्या आवारात झाडू मारला, ते पांडा बहुतेक म्हातारे, आजारी किंवा परदेशातून परतलेले. रानात जाणाऱ्या पिल्लांच्या डोंगरउतारावर पाहुण्यांना प्रवेश नाही.