एकच सुधारणा, उलटे निकाल : चीन आणि रशियातील सामूहिक शेतीचा शेवट

डिसेंबर 1978 मध्ये चीनच्या आन्हुई प्रांतातील श्याओगांग या गावातल्या 18 कुटुंबांनी सामूहिक जमीन आपसात वाटून घेण्याच्या गुप्त करारावर अंगठे उठवले. हा कायद्याने गुन्हा होता, म्हणून म्होरक्यांना तुरुंगवास झाल्यास त्यांची मुले गावाने वाढवावीत, असेही त्यात ठरले होते. पुढे सरकारने हीच पद्धत उचलून धरली आणि 1983 अखेरपर्यंत देशातील जवळजवळ सर्व शेतकरी कुटुंबे तिच्याखाली आली. 1978 मध्ये सुमारे 30 कोटी टन असलेले धान्योत्पादन 1984 मध्ये 40 कोटी टनांवर गेले. डिसेंबर 1991 मध्ये रशियानेही कोल्खोझ (सामूहिक शेते) आणि सोव्खोझ (सरकारी शेते) यांची पुनर्रचना करण्याचा हुकूम काढला; तिथे मात्र दशकभरात शेतीउत्पादन 40 टक्क्यांच्या आसपास घसरले आणि गुरांची संख्या निम्म्यावर आली.

या तफावतीचे श्रेय चीनच्या सावधपणाला आणि दोष रशियाच्या घाईला देण्याची पद्धत आहे. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण चीनमधली जमीनवाटपही पाच वर्षांत उरकली होती, म्हणजे ती काही संथ नव्हती. खरा फरक शेती कशाच्या बळावर चालत होती, यात होता.

चीनमध्ये 1978 साली कामकरी लोकांपैकी सुमारे 70 टक्के शेतीवर होते आणि बहुतेक काम हातांनी चालत असे. कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या संस्थेत, कामाचे गुण मांडून धान्य वाटले जाई. जास्त राबणाऱ्याच्या कष्टाचे फळ सगळ्यांत विभागले जात असल्याने अंग चोरणे परवडत असे. जमीन कुटुंबाकडे येताच ही अडचण एका हंगामात नाहीशी झाली, आणि मोठी यंत्रे मुळातच कमी असल्याने तुकडे पडल्याचे नुकसान फारसे झाले नाही. शिवाय 1979 मध्ये सरकारने धान्याचा खरेदीदर 20 टक्क्यांनी वाढवला होता, तेव्हा वाढीचे सारे श्रेय वाटपालाच देणेही चूक ठरेल. व्हिएतनामची वाट याच धर्तीची आहे : 1988 च्या ठरावाने शेतकरी कुटुंबाला जमीन दीर्घ मुदतीने कसायला मिळाली आणि तांदूळ आयात करणारा तो देश 1989 मध्ये दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात करू लागला.

रशियात सुमारे 1 कोटी 20 लाख ग्रामीण लोकांना जमिनीचे हिस्से मिळाले, पण ते कागदावर. हजारो हेक्टरांच्या शेतासाठी बनवलेले ट्रॅक्टर, गोठे आणि धान्यकोठारे यांतला एक वाटा उचलून वेगळे होणे कुणाला शक्य होते? बहुतेकांनी हिस्सा जुन्याच संस्थेकडे ठेवला आणि संस्थेने नाव बदलले. त्याच वेळी, जानेवारी 1992 मध्ये किमती मुक्त झाल्या. सोव्हिएत काळात मांस उत्पादनखर्चापेक्षा कितीतरी स्वस्त विकले जाई आणि त्यासाठी लागणारे पशुखाद्य मोठ्या प्रमाणावर आयात होई. अनुदान आटले, ग्राहकाची मिळकत घटली, खते आणि इंधन शेतमालापेक्षा वेगाने महागले; खतांचा वापर दशकात चार-पंचमांशांच्या आसपास घटला. गुरांची घट हा म्हणूनच केवळ अपयशाचा पुरावा नाही, तर अनुदानाने फुगवलेला पशुव्यवसाय खऱ्या मागणीएवढा आक्रसल्याचीही ती खूण आहे. पशुखाद्याची गरज घटल्यामुळेच, आणि पुढे गुंतवणूक आल्यामुळे, 2001 नंतर रशिया धान्याचा निर्यातदार बनू शकला.

ग्रामीण जीवनाच्या बाबतीत अंतर आणखी मोठे आहे. चीनमध्ये शेतीतून मोकळ्या झालेल्या हातांना गाव आणि तालुका पातळीवरच्या उद्योगांनी सामावून घेतले. 1978 मध्ये या उद्योगांत 2 कोटी 80 लाख लोक काम करत होते, 1996 मध्ये हा आकडा 13 कोटी 50 लाखांवर पोहोचला. रशियातील गावांना असा आधार मिळाला नाही, म्हणून पगार थकलेल्या मजुरांनी आणि निवृत्तांनी घरामागच्या परसबागेवर गुजराण केली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस देशातील 90 टक्क्यांहून अधिक बटाटे अशा तुकड्यांतून येत होते. आकडेवारीत हे खासगी शेतीचे यश म्हणून दिसते. प्रत्यक्षात शेजारच्या मोठ्या संस्थेतून मिळणारे पशुखाद्य, नांगरणीची सोय आणि कुटुंबाची बिनपगारी मेहनत वगळली, तर त्यातल्या बहुतेकांचा हिशेब जुळला नसता.